अखेरचा प्राणवायू

लोखंड हे खनिज वितळवून काढतात असा सर्वसाधारण समज आहे, आणि झोतभट्टीच्या तळाशी मातीचे बूच फोडताच उसळून येणारा पांढरा-तांबडा प्रवाह ज्याने एकदा पाहिला असेल, त्याच्या मनात तो समज अधिकच दृढ होतो. वस्तुतः वितळणे ही या सर्व व्यवहारातील अगदी शेवटची आणि रसायनाच्या दृष्टीने दुय्यम घटना होय. शुद्ध लोखंड वितळते १५३८ अंश सेल्सियसला. परंतु त्याच्या शेकडो अंश खाली, खनिजाचा खडा अद्याप खडाच असताना, त्याच्या आकाराला फारसा धक्का न लागता, त्याच्या पोटातील बहुतेक प्राणवायू निघून गेलेला असतो, आणि तो काढून नेण्याचे काम ज्याच्याकडे लोक देतात त्या कोळशाने नव्हे, तर कोळशापासून उत्पन्न झालेल्या वायूने केलेले असते. मध्य भारतातील आगरिया लोक मातीच्या छोट्या भट्टीत लोणारी कोळसा जाळून जे लोखंड करीत, ते तर कधी वितळतच नसे. भट्टी फोडून मळीने माखलेला मऊ गोळा बाहेर काढावयाचा आणि घणाखाली त्यातील मळी पिळून काढावयाची, ही त्यांची रीत. त्या भट्टीत आणि आजच्या शंभर मीटरांच्या आसपास उंची गाठणाऱ्या कारखान्याच्या मनोऱ्यात बाकी सर्व भेद असले तरी, घन खड्यातून वायूने प्राणवायू हरण करावा हे मूळ कर्म एकच आहे. रसायनशास्त्रात त्याला क्षपण म्हणतात.

कोळसा स्वतः हे काम का करीत नाही, असे कोणी विचारील. घनपदार्थ घनपदार्थाला स्पर्श करतो तो मोजक्या बिंदूंवर. तेवढ्या बिंदूंपाशी देवघेव होऊन गेली की मध्ये फट पडते आणि व्यवहार थांबतो. वायूला ही अडचण नाही. तो खड्याच्या सूक्ष्म रंध्रांतून आत शिरतो, आतल्या भिंतींवरचा प्राणवायू घेतो, आणि ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत फिरतो. म्हणून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे दोन वायूच लोहनिर्मितीचे खरे कारागीर होत. काढावयाचा माल काही थोडाथोडका नाही. हेमॅटाइट या आपल्याकडच्या मुख्य लोहखनिजात, ते अगदी शुद्ध असले तरी, वजनाने सत्तर भाग लोखंड आणि तीस भाग प्राणवायू असतो. म्हणजे एक टन लोखंड हाती यावयाचे तर सुमारे ४३० किलो प्राणवायू त्यातून काढून न्यावा लागतो.

हा प्राणवायू एकदम सुटत नाही. हेमॅटाइटचे प्रथम मॅग्नेटाइट होते, मॅग्नेटाइटचे वुस्टाइट होते आणि वुस्टाइटचे शेवटी लोखंड. हेमॅटाइटमधील एकंदर प्राणवायूचे नऊ समान वाटे कल्पिले, तर पहिल्या पायरीवर त्यांतील एक वाटा जातो, दुसरीवर दोन जातात, आणि उरलेले सहा, म्हणजे दोनतृतीयांश प्राणवायू, वुस्टाइटच्या पोटात अखेरपर्यंत दडून राहतो. ज्यांच्या नावावरून या संयुगाचे नाव पडले ते फ्रित्स वुस्ट हे जर्मन धातुशास्त्रज्ञ, ड्यूसेलडॉर्फच्या कैसर विल्हेल्म लोहसंशोधन संस्थेचे पहिले संचालक. वुस्टाइट हा मोठा विलक्षण पदार्थ आहे. त्यात लोखंडाचे अणू प्राणवायूच्या अणूंइतके कधीच नसतात. त्याच्या स्फटिकरचनेत लोखंडाच्या काही जागा नेहमीच रिकाम्या असतात, आणि याच रिकाम्या जागांमधून लोखंडाचे आयन एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सरकू शकतात. शिवाय ५७० अंशांच्या खाली त्याला स्थिर अस्तित्व नाही. तेथे मॅग्नेटाइटपासून थेट लोखंडच होते. भट्टीचा प्रश्न म्हणून जो काही आहे तो सगळा या वुस्टाइटचा प्रश्न आहे, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न ज्या रीतीने उघडकीस आला तो इतिहास विस्ताराने सांगण्यासारखा आहे. त्या काळच्या इंग्लंडातील झोतभट्ट्यांची मुखे उघडी असत आणि त्यांतून निघणाऱ्या वायूच्या ज्वाळा रात्री मैलोगणती दिसत. हा वायू जळतो, अर्थात त्यात कार्बन मोनॉक्साइड शिल्लक आहे, हे उघड होते. परंतु तो किती, याचा हिशेब कोणी मांडला नव्हता. रॉबर्ट बुन्सेन या जर्मन रसायनज्ञाने प्रथम हेसमधील एका भट्टीच्या वायूंचे पृथक्करण केले, आणि नंतर लायन प्लेफेअर यांच्यासह डर्बीशरमधील अल्फ्रेटन येथील भट्टीच्या अंतरंगात नळी सोडून निरनिराळ्या खोलीवरचे वायू बाहेर काढले. १८४५ साली त्या दोघांनी ब्रिटिश असोसिएशनपुढे ठेवलेला निष्कर्ष असा होता, की इंग्लिश भट्टीत घातलेल्या इंधनाच्या सामर्थ्यापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग मुखातून वाया जातो. या निष्कर्षाने कारखानदारांची झोप उडावयास हवी होती. परंतु अंमलबजावणी मात्र सावकाश झाली. १८५० मध्ये वेल्समधील एब व्हेल येथे जॉर्ज पॅरी यांनी भट्टीच्या मुखावर घंटेच्या आकाराचे झाकण बसविण्याची तजवीज काढली, आणि त्यानंतर तो वायू कोंडून हवा तापविण्याकडे वळविण्याची प्रथा हळूहळू सार्वत्रिक झाली.

तरीही मूळ प्रश्न तसाच होता. वायू जाळून उष्णता मिळविणे ठीक. पण तो खनिजाशी पुरता संयोग न पावता बाहेर पडतोच का? त्याला खनिजाच्या सहवासात पुरेसा वेळ मिळत नसावा, हे उत्तर स्वाभाविक होते, आणि त्यावरचा उपाय म्हणजे भट्टी उंच करणे हाही स्वाभाविकच होता. मिडल्सब्रोच्या परिसरात, क्लीव्हलँड प्रांतात, १८६० च्या दशकात भट्ट्यांची उंची सुमारे ४८ फुटांवरून ८० फुटांवर गेली, आणि कोकच्या खर्चात खरोखरच मोठी बचत झाली. त्या यशाने उत्साहित होऊन काहींनी शंभर फुटांच्याही पुढे मजल मारली. तेथे मात्र बचत थांबली. मुखातून येणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण पूर्वीइतकेच राहिले.

पॅरिसच्या खाणविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक आंरी ल शातलिए यांनी १८८८ साली या प्रकरणावर जो अभिप्राय दिला तो रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून आजही सांगितला जातो. लोह-ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड यांची अभिक्रिया स्वभावतःच मर्यादित आहे, ती एका समतोलापाशी येऊन थांबते, आणि हे सत्य कारखानदारांनी लाखो फ्रँक खर्चून उभारलेल्या मनोऱ्यांनी सिद्ध केले. समतोलाचे नियम ठाऊक असते तर तेच सत्य फार स्वस्तात कळले असते, असा त्याचा आशय. अभिप्राय अचूक आहे, परंतु माझ्या मते तो इंग्लिश कारखानदारांना पुरता न्याय देत नाही. आयझॅक लोदियन बेल हे क्लीव्हलँडमधील एक प्रमुख लोहस्वामी, स्वतः रसायनशास्त्र शिकलेले; त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड यांची निरनिराळ्या प्रमाणांतील मिश्रणे तप्त खनिजावरून सोडून, कोणत्या मिश्रणाने प्राणवायू सुटतो आणि कोणत्याने उलट लोखंडालाच गंज चढतो, याचे परिश्रमपूर्वक कोष्टक तयार केले, आणि १८७२ मध्ये लोहनिर्मितीतील रासायनिक घटनांवरील आपल्या मोठ्या ग्रंथात ते प्रसिद्ध केले. उंचीला एक हद्द आहे आणि तिच्यापलीकडे लाभ नाही, हे त्यांनी तेव्हाच बजावले होते. ज्याला पुढे नियमाचे रूप आले ते सत्य प्रथम भट्टीच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या माणसाने पाहिले, ही गोष्ट शास्त्राच्या दप्तरात नोंदली गेली पाहिजे.

आता ती मर्यादा नेमकी काय, ते पाहू. खड्यातला प्राणवायू घेऊन कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो. पण हा कार्बन डायऑक्साइडही स्वस्थ बसणारा नाही, तो ताज्या लोखंडाला प्राणवायू परत देऊ पाहतो. दोन्ही दिशांचे व्यवहार ज्या प्रमाणाला समसमान होतात तेथे हिशेब थांबतो. वुस्टाइट आणि लोखंड यांच्यासाठी ९०० अंश तापमानाला हे प्रमाण साधारण ६८ भाग कार्बन मोनॉक्साइडला ३२ भाग कार्बन डायऑक्साइड असे आहे. तापमान १००० अंशांवर नेले तर पहिला आकडा ७१ च्या घरात जातो. याचा अर्थ असा, की ९०० अंशांना शुद्ध कार्बन मोनॉक्साइडचे शंभर रेणू वुस्टाइटवर सोडले, आणि त्यांना युगानुयुगे तेथेच कोंडून ठेवले, तरी त्यांतील बत्तीसच रेणू कामास येतील. एक प्राणवायू-अणू हलविण्यासाठी तीनाहून अधिक रेणू खर्ची घालावे लागतील. वायूचे बळ त्याच्या एकूण राशीवर अवलंबून नसून त्या दोन वायूंच्या परस्पर-प्रमाणावर अवलंबून आहे, आणि उंची कितीही वाढविली तरी ते प्रमाण बदलत नाही. एमिल बाउर आणि ग्लेसनर यांनी १९०३ मध्ये निरनिराळ्या तापमानांचे हे सर्व समतोल एकाच आकृतीत रेखाटले. ती आकृती अद्यापही प्रत्येक लोहशास्त्रज्ञाच्या मेजावर असते.

वुस्टाइटपुढे हतबल झालेले हे मिश्रण निरुपयोगी मात्र होत नाही. ९०० अंशांनाच मॅग्नेटाइटचे वुस्टाइट करावयास मिश्रणात वीस टक्क्यांच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड असला तरी पुरे, आणि हेमॅटाइटला तर त्याचा अंशमात्र पुरतो. म्हणून भट्टीत वायू खालून वर आणि खनिज वरून खाली अशी विरुद्ध गतींची योजना असते. पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या गावातील गृहिणी भांडी विसळल्यावर राहिलेले पाणी ओतून न देता पुढच्या खरकट्या भांड्यांना प्रथम तेच लावते, त्याच न्यायाने सर्वांत जोमदार वायू सर्वांत हट्टी ऑक्साइडला मिळतो, आणि तेथे थकलेला वायू वर जाऊन सोपे काम उरकतो. तरीही एकूण हिशेब करून पाहावा. वुस्टाइटमधील एक अणू हलविण्यासाठी तीनाहून थोडे अधिक रेणू लागले. त्याच रेणूंनी वर मॅग्नेटाइट-हेमॅटाइटमधील आणखी अर्धा अणू हलविला. म्हणजे तीनाहून अधिक रेणूंनी मिळून दीड अणू. केवळ वायूच्या क्षपणावर चालणारी भट्टी कितीही निर्दोष बांधली तरी तिच्या कार्बन मोनॉक्साइडपैकी निम्म्याहून किंचित कमीच भाग सार्थकी लागेल. उत्तम चालणाऱ्या झोतभट्टीच्या मुखातील वायूत कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड जवळजवळ सारखे का आढळतात, याचे उत्तर या साध्या अंकगणितात आहे.

झोतभट्टीत या वायूचे जन्मस्थान तळाजवळच्या झोतनळ्यांपाशी असते. हजार-बाराशे अंशांना तापविलेली हवा तेथे कोकवर आदळते, दोन हजार अंशांच्या पुढची ज्वाळा उत्पन्न होते, आणि त्या उष्णतेत कार्बन डायऑक्साइड टिकू शकत नाही. तो कोकशी संयोग पावून दुप्पट कार्बन मोनॉक्साइड होतो. फ्रेंच रसायनज्ञ ऑक्ताव्ह बुदुआर यांच्या नावाने ओळखली जाणारी ही अभिक्रिया पुष्कळ उष्णता खाते आणि साधारण हजार अंशांच्या खाली मंदावते. वायू तेथून मुखापर्यंत काही सेकंदांत पोचतो, तर खनिजाला तीच वाट उतरावयास कित्येक तास लागतात. चारशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान बुदुआरची अभिक्रिया उलट फिरते आणि कार्बन मोनॉक्साइडमधून काजळीच्या रूपाने कार्बन वेगळा पडतो; ताजे लोखंड या विघटनाला उत्तेजन देते. भट्टीच्या अस्तरातील विटांमध्ये लोखंडाचा अंश असला तर ही काजळी त्यांच्या पोटात साचून त्या फोडून टाकते. बेल यांनी याचाही कसून अभ्यास केला होता.

झोतभट्टीत कोक हा इंधन, वायूचे उगमस्थान आणि वरच्या भाराचा आधार अशा तिन्ही नात्यांनी हजर असतो. क्षपणाचे काम जर वायूच करतो, तर वायू बाहेर तयार करून खनिजावर सोडावा आणि लोखंड वितळूच देऊ नये, हा विचार त्यातूनच निघतो. तो मोठ्या प्रमाणावर यशस्वी झाला मेक्सिकोतील मोंतेररे शहरात, १९५७ साली, ओहालाता इ लामिना या कंपनीच्या कारखान्यात. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेतील ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे मिड्रेक्स पद्धतीचा पहिला कारखाना उभा राहिला. नैसर्गिक वायूतील मिथेनचे वाफेशी किंवा कार्बन डायऑक्साइडशी संयोजन करून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचे मिश्रण बनवावयाचे, आणि उभ्या मनोऱ्यात खनिजाच्या गोळ्यांमधून ते सोडावयाचे, हे त्यांचे सूत्र. समतोलाने घातलेली मर्यादा येथेही आहेच. पण वर आलेला थकलेला वायू धुऊन, त्यातील वाफ थंड करून, तो पुन्हा चक्रात आणता येतो. मिड्रेक्स पद्धतीत तर त्यातील कार्बन डायऑक्साइडच नव्या मिथेनशी संयोग पावून पुन्हा कार्बन मोनॉक्साइड होतो. जी मर्यादा उंचीने ओलांडता आली नाही, तिला हा पुनरावर्तनाचा वळसा घालण्यात आला, आणि माझ्या मते लोहनिर्मितीच्या अर्वाचीन इतिहासात याहून विचारपूर्वक केलेली योजना दुसरी नाही.

महाराष्ट्राचा या कथेशी निकटचा संबंध आहे. रायगड जिल्ह्यात कुंडलिकेच्या खाडीवर, रेवदंड्यासमोर, साळाव येथे मेक्सिकन पद्धतीचा, आणि पेण तालुक्यात अंबा नदीच्या काठी डोलवी येथे मिड्रेक्स पद्धतीचा, असे दोन कारखाने १९९० च्या दशकात उभे राहिले. मुंबईच्या समुद्रातून निघणारा नैसर्गिक वायू हे त्यांच्या स्थापनेचे मुख्य कारण. विदर्भात मार्ग निराळा. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्गुस येथे लांब, किंचित कलत्या, फिरत्या भट्टीत खनिज आणि दगडी कोळसा एकत्र फिरवितात. पाहणाऱ्याला वाटते की येथे तरी कोळसा प्रत्यक्ष खनिजावर काम करीत असेल. पण येथेही मध्यस्थ वायूच आहे, फक्त तो त्याच भट्टीत बुदुआरच्या अभिक्रियेने सतत नवा होत राहतो. अशा न वितळविता केलेल्या लोखंडाच्या, म्हणजे स्पंज आयर्नच्या, उत्पादनात भारत २००३ पासून जगात पहिल्या क्रमांकावर आहे, आणि जालन्याच्या सळ्यांच्या कारखान्यांत भंगाराबरोबर तेही विजेच्या भट्टीत पडते.

या लोखंडाला स्पंज म्हणतात ते त्याच्या अंतर्रचनेमुळे. खड्याचा बाह्य आकार तसाच राहून आतला प्राणवायू तेवढा निघून गेल्याने त्याच्या जागी रंध्रांचे जाळे उरते. अर्धवट क्षपण झालेला दाट खडा कापून भिंगाखाली पाहिला तर बाहेर लोखंडाचे कवच, आत वुस्टाइट, त्याच्या आत मॅग्नेटाइट आणि गाभ्यात मूळचे हेमॅटाइट अशी वलये दिसतात. हेमॅटाइटची रचना षट्कोनी आणि मॅग्नेटाइटची घनाकृती असल्याने पहिल्याच पायरीला खडा फुगतो आणि त्याला भेगा पडतात. या भेगा मर्यादेत असतील तर वायूला वाट मिळते, अधिक झाल्या तर खड्याचा चुरा होऊन भट्टीचा श्वासच कोंडतो. रंध्रांचा दुसरा परिणाम साठवणुकीत दिसतो. एवढा मोठा अंतःपृष्ठभाग उघडा असलेले लोखंड दमट हवेत झपाट्याने गंजते, गंजताना तापते, पाणी लागल्यास हायड्रोजन सोडते, आणि ढिगाऱ्याच्या पोटात आग धुमसू लागते. म्हणून जहाजाने पाठवावयाचा माल भट्टीतून निघताच, साडेसहाशे अंशांहून अधिक तापलेला असतानाच, दाबून त्याच्या घट्ट विटा करतात.

हायड्रोजनाचे वर्तन कार्बन मोनॉक्साइडहून भिन्न आहे. साधारण ८२० अंशांना दोघांचे क्षपणसामर्थ्य सारखे असते. त्याखाली कार्बन मोनॉक्साइड वरचढ, त्यावर हायड्रोजन. ९०० अंशांना वुस्टाइटशी समतोल पावणाऱ्या मिश्रणात हायड्रोजन सुमारे ६२ भाग असतो, म्हणजे शंभरापैकी अडतीस रेणू कामास येतात. शिवाय त्याचा रेणू लहान, त्यामुळे तो रंध्रांत चपळाईने शिरतो. मात्र कार्बन मोनॉक्साइडने केलेले क्षपण स्वतः थोडी उष्णता देते, तर हायड्रोजनाने केलेले उष्णता मागते, आणि ती सर्व वायू आधीच तापवून पुरवावी लागते. अन्यथा मनोरा आतून थंड पडतो आणि वर सांगितलेला समतोलही प्रतिकूल होतो. केवळ हायड्रोजनावर चालणारा कारखाना त्रिनिदादमध्ये १९९९ साली सुरू झाला होता, पण तेथील हायड्रोजन नैसर्गिक वायूपासूनच केलेला होता. स्वीडनमधील लुलेओ येथे पोलाद, खनिज आणि वीज या तीन क्षेत्रांतील कंपन्यांनी मिळून प्रायोगिक भट्टी उभारली, आणि २०२१ मध्ये जलविच्छेदनाने मिळविलेल्या हायड्रोजनाने तीत स्पंज आयर्न तयार झाले. त्या भट्टीच्या मुखातून क्षपणाचा अवशेष म्हणून बाहेर येते ती पाण्याची वाफ.

रसायनाकडून या मार्गाला आता हरकत नाही. जी आहे ती विजेच्या हिशेबाची. एक टन लोखंडातील प्राणवायू पाण्याच्या रूपाने काढावयाचा तर निदान ५४ किलो हायड्रोजन लागतो, आणि एक किलो हायड्रोजन पाण्यापासून वेगळा करण्यास आजच्या यंत्रांना पन्नास युनिटांच्या आसपास वीज लागते. म्हणजे वायू तापविण्याची आणि लोखंड वितळविण्याची वीज अलाहिदा ठेवली तरी, दर टनामागे सुमारे २,७०० युनिट. कोळसा न जाळता तयार झालेली एवढी वीज ज्या प्रदेशात स्वस्त मिळेल, तेथेच हायड्रोजनाच्या भट्ट्या प्रथम उभ्या राहतील.